बहात्तरची सुई

माझ्या वडिलांनी आयुष्यात दारूचा एक थेंब घेतला नव्हता. हे मला इतक्या लोकांना सांगावं लागलं की शेवटी शेवटी माझंच मला ते खोटं वाटायला लागलं. खरी गोष्ट इतक्या वेळा सांगावी लागत नाही, असं आपण धरून चालतो.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. सोळाव्या वर्षी नारायणगडावर त्यांनी तुळशीची माळ घातली, ती कधी उतरली नाही. गेवराईहून बीडकडे येताना हमरस्ता सोडून आत गेलं की आमचं गाव. तिथल्या दूध सोसायटीचे ते सचिव होते. पहाटे डेअरी उघडायची, प्रत्येकाच्या किटलीत माप बुडवायचं, दुधातला फॅट मोजायचा, कॅन भरून रस्त्यावर गाडीपाशी पोचवायचे, एवढं त्यांचं काम. सोळा-सतरा वर्षांत त्यांनी एकदाही पाणी घातलेलं दूध पुढं जाऊ दिलं नाही. म्हणून गावात त्यांचा मान होता, आणि म्हणूनच काही जणांना ते नको होते.

छावण्यांच्या वर्षी दूध आटलं. गावातली निम्मी जनावरं चारा छावणीत बांधलेली होती. दादा सायकलवर कॅन लावून छावणीत फिरायचे आणि मिळेल ते दूध गोळा करायचे. त्याच वर्षी ते वाळायला लागले. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण त्या वर्षी सगळेच वाळले होते. पुढं उजव्या बरगडीखाली जड वाटायला लागलं, जेवण जाईना, पोट तट्ट झालं आणि डोळे पिवळे दिसायला लागले. तेव्हा माय त्यांना तालुक्याच्या गावी एका खासगी डॉक्टरकडे घेऊन गेली.

तिथं काय झालं ते मायनं मला फोनवर सांगितलं. पुढं घरीही तिच्याच तोंडून ते मी इतक्या वेळा ऐकलं की आता मीच तिथं बसले होते असं वाटतं. डॉक्टरनं पोटाची सोनोग्राफी केली, कागद बघितला आणि विचारलं, "किती पिता?"

दादा म्हणाले, "मी माळकरी हाय, साहेब."

"माळकरी मी लई बघितले," डॉक्टर म्हणाला आणि मायकडे बघून हसला. "घरी लपवून ठेवत असतील. तुमी बाटल्या शोधा, काकू."

मायनं बाटल्या शोधल्या नाहीत. पण त्या दवाखान्यात गावचे चारजण बसले होते. संध्याकाळपर्यंत गावभर झालं.

मी तेव्हा पुण्यात होते, पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला. माझं संशोधन कशावर होतं हे सांगताना मला आजही लाज वाटते. हिपॅटायटिस बी नावाचा विषाणू यकृताच्या पेशीत शिरल्यावर तिच्या निरोपांच्या यंत्रणेत काय गडबड करतो, हा माझा विषय होता.

थोडं सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आपल्या शरीरातली पेशी स्वतःच्या मनानं वाढत नाही. तिला बाहेरून निरोप यावा लागतो. तो निरोप पेशीच्या कातडीवर पोचतो, तिथून एक प्रथिन दुसऱ्याला जागं करतं, दुसरं तिसऱ्याला, असं करत तो केंद्रापर्यंत जातो. मग एका पेशीच्या दोन होतात. काम झालं की निरोप थांबतो आणि पेशी शांत बसते. या विषाणूजवळ एक लहानसं प्रथिन असतं. आम्ही त्याला नुसतं एक्स म्हणायचो. ते या साखळीच्या मधोमध जाऊन बसतं आणि बाहेरून काहीच आलेलं नसताना साखळी हलवत राहतं. विषाणूला स्वतःच्या नकला काढायला जागी पेशी लागते, म्हणून हा सगळा उद्योग. त्यात आणखी एक गोष्ट होते. पेशीच्या केंद्रात काही मोडतोड झाली तर तिला थांबवणारं, दुरुस्त होत नसेल तर मरायला लावणारं एक राखणदार प्रथिन आपल्याकडे असतं. एक्स त्यालाही धरून ठेवतं. इकडं शरीर विषाणूवर हल्ला करून यकृताच्या पेशी मारत असतं, मेलेल्यांच्या जागी नव्या घाईघाईनं बनत असतात, त्यांत चुका होत असतात, आणि चुका थांबवणारा बांधलेला असतो. हे वीस-तीस-चाळीस वर्षं चालतं. मग कुठल्यातरी एका पेशीला थांबणं माहीतच उरत नाही.

माझ्या टेबलासमोर भिंतीवर या सगळ्याचा मोठा तक्ता होता. बाण, गोल, बाणांवर फुल्या. तो मी स्वतः काढला होता. त्या तक्त्याच्या खाली बसून मी मायचा फोन ऐकला, "डॉक्टर म्हनतोय दारूनं लिव्हर गेलं," आणि माझ्या डोक्यात काहीही पेटलं नाही. मी मायला म्हणाले, त्यांना आराम करू दे.

डॉक्टरवर, आणि ज्यांची गोष्ट पुढं येईल त्या चेअरमनवर, कंपाउंडरवर मी जे चिडले ते सगळं बरोबर होतं. पण पहिला राग स्वतःवरच आहे, आणि तो कुणाच्याच अंगावर ढकलता येत नाही.

चेअरमन म्हणजे आमच्या दूध सोसायटीचा. त्याचे वडील आधी गावच्या सेवा सोसायटीचे चेअरमन होते, मग हा दुधाचा झाला. त्यानं महिनाभरात मीटिंग घेतली. फार गोड बोलला म्हणे. "दादा आजारी हायत. त्यांना आराम पायजे. आन लोक बी बोलायलेत, दारू पिणाऱ्याच्या हातचं दूध कसं घ्यायचं म्हनून. मी न्हाई म्हनत, लोक म्हनायलेत." दादांनी कनवटीला लावलेली डेअरीची किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि घरी आले. दुसऱ्या दिवसापासून चेअरमनचा भाचा डेअरीत बसायला लागला.

त्या अख्ख्या मीटिंगमध्ये एकानंही विचारलं नाही की या माणसाला कुणी कधी कुठं पिताना बघितलं आहे का.

दिवाळीला मी गावी गेले. दादा ओसरीवर बसून म्हशीचं दावं वळत होते. हातांच्या काड्या झालेल्या, पोट मात्र पुढं आलेलं. मी शेजारी बसले. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले आणि मग विचारलं. मी कसं विचारलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणाले, "दादा, कधीतरी, कुणाच्या आग्रहाखातर, एखाद्या वेळेस घेतली होती का? मी रागावणार नाही."

त्यांनी दावं खाली ठेवलं. माझ्याकडं बघितलं.

"तू बी, बाई?"

एवढंच म्हणाले. पुढचे दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मी पुण्याला निघाले तेव्हा एसटीपर्यंत पोचवायला आले, पिशवी वर ठेवली, आणि गाडी सुटायच्या आधीच माघारी फिरले.

पुण्यात माझ्या गाईड मॅडमनी विचारलं, घरी सगळं ठीक का. मी त्यांना सांगितलं. वडिलांचं यकृत खराब झालंय, डॉक्टर दारू म्हणतो, ते कबूल करत नाहीत. मॅडम एखादं निरीक्षण तपासावं तसं माझ्याकडे बघत राहिल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "तू कशावर काम करतेस?"

मी मान वर करून भिंतीवरच्या तक्त्याकडे बघितलं.

"त्यांची हिपॅटायटिस बीची तपासणी केली का कुणी?"

केली नव्हती. बोटातून रक्त काढून पट्टीवर टाकायचं आणि पंधरा मिनिटं थांबायचं, एवढीच ती तपासणी असते. तालुक्याच्या डॉक्टरनं दादांना पाच महिने शक्तीची इंजेक्शनं दिली, आणि ही एक पट्टी लावली नाही. त्याला गरज वाटली नाही. कुणबी माणूस, पिवळे डोळे, फुगलेलं पोट, म्हणजे दारू. आणि यकृतावर पीएचडी करणाऱ्या त्यांच्या मुलीलाही गरज वाटली नाही.

त्याच दिवशी मी बीडची गाडी धरली. दुसऱ्या दिवशी दादांना बीडच्या लॅबमध्ये नेलं, त्यांचं रक्त दिलं आणि बाकावर बसून राहिले. पट्टीवर दोन रेघा आल्या. लॅबवाल्यानं नुसतं "पॉझिटिव्ह" म्हणून कागद हातात दिला. मी तो दादांना दाखवला. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. मी म्हणाले, "दादा, हे दारूनं झालेलं नाही. हा एक विषाणू आहे. मला माफ करा."

ते म्हणाले, "मला ठावं होतं की, दारूनं न्हाई म्हनून." मग थोड्या वेळानं, "चल, मायला सांगू."

औरंगाबादला स्कॅन केला. यकृतात गाठी पसरल्या होत्या, रक्ताच्या मोठ्या नळीपर्यंत गेल्या होत्या. तिथली डॉक्टर माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. बाहेर व्हरांड्यात येऊन ती माझ्याशी बोलली. मी तिला एकच विचारलं, पाच महिने आधी कळलं असतं तर? ती म्हणाली, "सांगता येत नाही." ती दयेनं बोलली की खरं, मला अजून माहीत नाही. दया असेल तर मला ती नको होती.

त्यानंतर मी घरातल्या सगळ्यांची रक्तं तपासली. माझं आधीच झालेलं होतं. प्रयोगशाळेत रुजू झाले त्याच महिन्यात त्यांनी माझं रक्त तपासून मला लशीचा पहिला डोस दिला होता, कारण मी त्या विषाणूचे तुकडे हाताळणार होते. काचेच्या नळीतल्या तुकड्यांसाठी मला तीन डोस मिळाले. दादा अख्खा विषाणू चाळीस वर्षं अंगात घेऊन हिंडत होते, आणि त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

मायच्या रक्तात विषाणू नव्हता. तो कधीतरी येऊन गेल्याच्या खुणा होत्या. थोरले चुलते, त्यांना आम्ही आबा म्हणतो, त्यांचंही तसंच. मात्र आत्या पॉझिटिव्ह निघाली. आत्या घाटनांदूरला दिली आहे. तिला काहीच त्रास नव्हता, शेतात राबत होती. तिला मी धरूनच अंबाजोगाईला सरकारी दवाखान्यात नेलं आणि गोळी सुरू केली. रोज एक, जन्मभर. गोळीनं विषाणू जात नाही. पेशीच्या केंद्रात त्याचं एक लहानसं कडं बसलेलं असतं, तिथपर्यंत गोळी पोचत नाही. पण त्याच्या नकला थांबतात. आत्या आजही आहे. तिच्या सुनेनं सुरुवातीला तिचं ताट-तांब्या वेगळा काढला होता. मी तिथं जाऊन आत्याच्या ताटात जेवले आणि मग सुनेला जे बोलायचं ते बोलले. ती वर्षभर माझ्याशी बोलली नाही. मला त्याचं काही वाटलं नाही.

पण कुठून आलं हा प्रश्न राहिलाच. हा विषाणू रक्तातून जातो. मोठ्या माणसाला झाला तर बहुतेक वेळा शरीर त्याला हुसकून लावतं. लहान पोराच्या अंगात मात्र तो ठाण मांडतो. म्हणजे दादांना आणि आत्याला तो लहानपणी झाला असणार. मी आबांना विचारलं. आबा तिघांत थोरले. म्हटलं, लहानपणी दोघांना काही ऑपरेशन, रक्त, काही?

आबा म्हणाले, "ऑपरेशन कुठलं. सुई टोचली तेवढीच, बहात्तरला."

बहात्तरच्या दुष्काळात आजी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. आबा तेरा वर्षांचे, तेही फोडायचे. दादा पाच वर्षांचे आणि आत्या दोन वर्षांची, ती दोघं इतर पोरांबरोबर लिंबाखाली बसायची. दुपारी सरकारी सुकडीचा खाऊ मिळायचा. कामावर पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ येईल म्हणून टोचणी झाली. सरकारी डॉक्टर दोन दिवस आला आणि गेला. पुढचं काम त्याच्या कंपाउंडरनं केलं. माणसं, बाया, पोरं, सगळी एका ओळीत.

"एकच सुई?" मी विचारलं.

"काचंची पिचकारी आन एक सुई. बोथट झाली की दगडावर घासायचा. आमी रडायचो. तुझी आजी म्हनायची, गप रहा, पटकीपेक्षा बरं हाय."

मी लगेच विश्वास ठेवला नाही. आजी गेलेली होती. तिच्याकडूनच मुलांना आलं असेल, तर ते आता कळायला मार्ग नव्हता. म्हणून गावात दादांच्या वयाची, त्याच कामावर आयांबरोबर गेलेली चारजणं शोधली आणि विनवण्या करून त्यांचं रक्त घेतलं. चारांतले दोघे पॉझिटिव्ह. एक तर आमच्या शेजारची काकू. यानं सगळं सिद्ध होत नाही, हे मला संशोधक म्हणून माहीत आहे. मुलगी म्हणून मला तेवढं पुरलं.

तो कंपाउंडर जिवंत होता. सत्तरीला टेकलेला, शेजारच्या गावात राहायचा, आणि लोक त्याला डॉक्टरच म्हणायचे. चाळीस वर्षं त्यानं आसपासच्या दहा-बारा गावांत सुया टोचल्या होत्या. मी एका दुपारी त्याच्याकडे गेले. पत्र्याच्या सावलीत खाटेवर बसला होता. मी कुणाची मुलगी ते सांगितलं. त्यानं खुर्ची मागवली, पाणी दिलं. मी सरळ विचारलं.

"बहात्तरला टोचणी तुम्ही केली. सुई उकळायचात का?"

"सकाळी एकदा उकळायचो."

"आणि मग?"

"मंग दिसभर तीच. भांडं होतं, स्टोव्ह होता. पाणी न्हवतं, लेकी. प्यायला न्हवतं, तर सुई कशात उकळू?"

"टँकर येत नव्हता?"

तो खाली बघायला लागला. "यायचा. त्यो गोदामाला यायचा."

सेवा सोसायटीचं गोदाम त्याच वर्षी बांधायला काढलं होतं, हे मला माहीत होतं. आमच्या गावात अजून ते उभं आहे. काँक्रीट चिरू नये म्हणून भिंतींना सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचे.

"मग त्यातलं मागायचं की तांब्याभर."

"मागितलं. आताच्या चेअरमनचा बाप उभा होता तिथं. म्हनला, सुईला काय आंघोळ घालतो का बे. समदी हसली. मंग मी फिरून न्हाई मागितलं."

तोच पुढं बोलायला लागला. "तवा कुणाला ठावं होतं असलं काय रक्तातून जातंय म्हनून? आमाला सांगितलं पटकीची सुई द्या, आमी दिली. न दिली असती आन पटकी आली असती, तर मानसं मुंग्यावानी मेली असती. मंग बी तू येऊन मलाच विचारलं असतंस, कावून दिली न्हाई म्हनून."

त्याचं हे खरं होतं. त्या काळी या विषाणूचं नाव आमच्या जिल्ह्यात कुणी ऐकलेलं नसणार. पण सुई उकळायची असते एवढं त्याला माहीत होतं, नाहीतर भांडं आणि स्टोव्ह कशाला बाळगला असता?

मी विचारलं, "आणि त्र्याहत्तरला पाऊस झाला. विहिरींना पाणी आलं. तेव्हापासून दर माणसाला सुई उकळून द्यायला लागलात का?"

आत कुणीतरी भांडी घासत होतं तेवढा आवाज.

"न्हाई," तो म्हणाला. "मंग सवय झाली."

मी उठले. त्याच्या अंगावर ओरडायचं म्हणून मी आले होते, पण तो म्हातारा मान खाली घालून बसला होता. एवढा राग आला असताना समोरचा खरं बोलला हे बघून माझी कुचंबणा झाली. मी एवढंच म्हणाले, "तुमच्या घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासून घ्या. तुमचंही." त्यानं तपासलं की नाही, मला माहीत नाही.

घरी येऊन मी दादांना सगळं सांगितलं. ते पाठीला उशी लावून बसले होते. आधी त्यांनी विषाणूचं पुन्हा विचारलं, म्हणून मी पुन्हा समजावलं, ते निरोप, ती साखळी, तो बांधून ठेवलेला राखणदार.

"म्हंजी गाठ त्यानं मुद्दाम केली?"

"नाही, दादा. गाठीचा त्याला काहीच उपयोग नसतो. माणूस मेला की तोही मेला. त्याला फक्त स्वतःच्या नकला काढायच्या असतात. गाठ आपोआप होते."

"त्याला कळत बी न्हाई?"

"नाही."

"मंग त्याच्यावर काय चिडायचं," दादा म्हणाले.

"मी त्याच्यावर चिडलेच नाही," मी म्हणाले. "त्याला कळत नव्हतं. त्या गोदामापाशी हसणाऱ्यांना कळत होतं."

दादांनी डोळे मिटले. ते दमले होते. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "तुझ्या मायला लोकांत जाऊ दे आता. ती मंदिरात बी जाईना झाली."

मला तोवर हे माहीत नव्हतं. पाच-सहा महिने माय मंदिरात गेली नव्हती, बचत गटाच्या बैठकीला गेली नव्हती, हळदी-कुंकवाला गेली नव्हती. घरात दारुड्या आहे म्हणून बायका काय बोलतील, या धास्तीनं. माझ्या दादांचं यकृत विषाणूनं खाल्लं. पण मायचे ते महिने माणसांनी खाल्ले, आणि माणसांना कसली औषधं द्यायची ते कुठल्या तक्त्यावर लिहिलेलं नाही.

चेअरमन एकदा भेटायला आला. हातात सफरचंदांची पिशवी. बाहेर गाडी चालू ठेवलेली. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. म्हणाला, "दादा, गैरसमज झाला. आमाला काय ठावं."

दादांनी मायला चहा ठेवायला सांगितला. माय उठली. मी तिथंच उभी राहिले आणि म्हणाले, "काका, हे तुम्ही सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांगा. माणसं बोलावून सांगा. तिथंच काढलं होतं ना त्यांना."

"आता त्याची काय गरज हाय, ताई? मानूस आजारी असताना."

"आजारी असतानाच काढलं होतं."

त्यानं चहा प्यायला, दादांच्या पायाला हात लावला आणि गेला. मीटिंगमध्ये तो कधीच काही बोलला नाही. त्याच्या बापाची टँकरची गोष्ट मी त्या दिवशी बोलले नाही, कारण दादांनी माझ्याकडे बघून मान हलवली होती. दादा वारल्यावर मी ती गावात प्रत्येकाला सांगितली. चेअरमन आता मला बघून रस्ता बदलतो. पुढची निवडणूक मात्र तोच जिंकला.

दादा वैशाखात गेले. शेवटचे दोन आठवडे त्यांना नीट ओळखू येत नव्हतं. रक्तातलं विष मेंदूत चढत होतं, आणि ते पहाटे उठून डेअरीची किल्ली शोधायचे. माय म्हणायची, "आज सुट्टी हाय," आणि ते पुन्हा आडवे व्हायचे. खांदा द्यायला गाव लोटलं होतं. त्यात मीटिंगला गप्प बसलेले सगळे होते. मी तोंडावर पदर घेऊन उभी होते. लोकांना वाटलं रडतेय. मी दात आवळून धरले होते.

तेरावं झालं आणि दोन दिवसांनी मी तालुक्याच्या त्या डॉक्टरकडे गेले. सकाळची वेळ होती, बाहेरची खोली भरलेली. माझा नंबर आला तेव्हा आत जाऊन मी दादांचा रिपोर्ट त्याच्या टेबलावर ठेवला. त्यानं वाचला. त्याला दादा आठवतच नव्हते. मी आठवण करून दिली, माळकरी, म्हशीवाले, दूध सोसायटीचे.

"हो हो," तो म्हणाला. "वाईट झालं. पण तेव्हा लक्षणं तशीच होती."

"तपासणी का नाही केली?"

"हे बघा, इथं दिवसाला साठ-सत्तर पेशंट येतात. सगळे खोटं बोलतात. पितो म्हणून कोण कबूल करतं? प्रत्येकाची ही तपासणी करत बसलो तर संध्याकाळ होईल."

"पंधरा मिनिटं लागतात."

"मॅडम, तुमचं दुःख मला समजतं. पण आता काय करता येणार?"

"पुढच्या माणसाला आधी पट्टी लावा. मग विचारा पितो का."

त्यानं घंटी वाजवली. पुढचा पेशंट आत आला. मी बाहेर आले आणि घरी जायला निघाले, पण दारापाशी पाय थांबले. बाकांवर पंचवीस-तीस माणसं बसलेली होती. बऱ्याच जणांचे डोळे पिवळे होते की मला तसे दिसत होते, सांगता येत नाही. मी तिथंच उभी राहून बोलायला लागले. म्हणाले, ज्यांना कावीळ आहे, ज्यांना लिव्हर खराब सांगितलंय, त्यांनी हिपॅटायटिस बीची तपासणी मागून घ्या. नाही केली तर बीडला जा, अंबाजोगाईला जा, तिथं होते. पिणाऱ्यांनीही करा, न पिणाऱ्यांनीही करा. घरात एकाला निघाली तर सगळ्यांची करा. लहान पोरांना लस द्या, ती सरकारी दवाखान्यात मिळते.

काउंटरवरची बाई मला म्हणाली, "ओ ताई, इथं भाषण नका करू." मी थांबले नाही. ती आत जाऊन डॉक्टरला सांगून आली. तो काही बाहेर आला नाही.

माझं बोलून झालं तेव्हा माणसं पुन्हा डॉक्टरच्या दाराकडं बघायला लागली. मला वाटलं, फुकट गेलं. मग कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्यानं डोक्याचा पटका सावरला आणि जुन्या औषधाची चिठ्ठी माझ्यापुढं केली. "ते नाव लिहून दे, बाई. माझ्या ध्यानात न्हाई ऱ्हायचं."

मी चिठ्ठीच्या पाठीमागं मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. त्याच्या शेजारच्या बाईनं तिची फाइल पुढं केली. मग आणखी एकानं. मी खिडकीच्या कट्ट्यावर टेकले आणि एकेकाला लिहून द्यायला लागले.